जलोपचार व जलतरण, अपंग बालकांसाठी

जलोपचार व जलतरण, अपंग बालकांसाठी : जन्मजात व्यंग, रोग किंवा अपघात यांमुळे हालचालींवर मर्यादा आलेल्या बालकांना कोमट पाण्यात व्यायाम देऊन त्यांच्या स्नायूंची शक्ती, तोल व श्वसन सुधारण्याची, तसेच त्यांना स्वतंत्रपणे पोहण्यास शिकविण्याची पद्धती. यांपैकी पहिला भाग भौतिकी चिकित्सेचा व दुसरा क्रीडाशिक्षणाचा असला, तरी व्यवहारात दोहोंमधील सीमारेषा पुसट आहे. उष्णोदकाचे स्नान रोगहारक मानण्याची परंपरा फार जुनी आहे. महाराष्ट्रात वज्रेश्वरी, उनपदेव, उनकेश्वर येथील झऱ्यांवर त्वचारोगाचे व संधिवाताचे रुग्ण पूर्वापार जात आले आहेत. तथापि पाण्यात बसून राहणे आणि पाण्यात शरीर हलवावयास शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. येथे दुसरीचाच विचार केला आहे.

पाण्यात शरीरावर वरच्या दिशेने कार्य करणारे प्लावक बल हा या उपचाराचा पाया होय. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या व्यक्तीच्या पायांवर तिच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, तर कमरेपर्यंतच्या पाण्यात सुमारे निम्मा भार पडतो. त्यामुळे जमिनीवर उभे राहू न शकणारे मूल पाण्यात पाऊल टाकू शकते. सुमारे ३३° ते ३५° से. तापमानाच्या पाण्यात आखडलेले स्नायू सैल पडतात. पाण्याचा रोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढत असल्याने प्रत्येक मूल आपल्या शक्तीपुरताच व्यायाम करते. छातीवरील पाण्याच्या दाबामुळे श्वसनाच्या स्नायूंनाही व्यायाम घडतो. मात्र ज्यांचे श्वसन मुळातच दुर्बल आहे, अशा मुलांना हाच दाब जाचक ठरू शकतो.

आधुनिक जलोपचाराला चालना मिळाली ती मुख्यतः बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथींमुळे. लॉस अँजेल्सचे अस्थिव्यंगतज्ज्ञ चार्ल्स लोमन यांनी शिकागो येथील अपंग मुलांच्या एका शाळेत लाकडी हौदात व्यायाम करणारी मुले पाहिली आणि परतल्यावर १९२४ मध्ये आपल्या रुग्णालयाच्या आवारातील कमळांच्या तळ्याचे उपचारकुंडांत रूपांतर केले. त्याच वर्षी १९२१ पासून पक्षाघाताने पीडित असलेले फ्रँक्लिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील सुमारे ३१° से. तापमानाच्या झऱ्यावर प्रथम गेले. १९२६ मध्ये त्यांनी ते स्थळ विकत घेतले आणि पुढील वर्षी तेथे न्यास स्थापन केला. या कुंडाची कीर्ती जगभर झाली, परंतु कृष्णवर्णीय मुलांना तेथे रुग्ण म्हणून प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे स्वतंत्र केंद्र निघण्यास १९४१ साल उजाडले. रूझवेल्ट यांच्या चरित्रग्रंथांतून झऱ्याचे वर्णन जितके विस्ताराने येते, तितकी ही बाब येत नाही.

अपंग मुलांच्या पोहण्याला स्वतंत्र शास्त्र मिळाले ते इंग्लंडमध्ये. जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने १९४९ मध्ये लंडनमधील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत पोहणे शिकविण्यास आरंभ केला. द्रवगतिकीचे ज्ञान असल्याने शरीराचा आकार व घनता बदलली म्हणजे ते पाण्यात कसे वळते, याचा त्यांनी विचार केला. एक बाजू लुळी असलेले मूल पाण्यात आडवे होताच एका कुशीवर का फिरते, याचे उत्तर त्यात मिळाले. म्हणून त्यांच्या पद्धतीत हातपाय मारण्याआधी शरीराचे फिरणे आवरण्यास शिकवितात. तिचे दहा टप्पे असून पहिला मनाने पाण्याशी जुळवून घेण्याचा आणि अखेरचा पोहण्याच्या एका साध्या प्रकाराचा आहे. तरंगण्याची साधने वर्ज्य असून प्रत्येक मुलामागे एक शिक्षक पाण्यात असतो आणि मुलाचा तोल सुधारेल तसा तो आपला आधार काढून घेतो. ही पद्धती पुढे स्वित्झर्लंडमध्ये उपचार म्हणूनही विकसित झाली. मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांना तिचा लाभ होतो असा अनुभव असला, तरी त्यावरील बहुतेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत, हे येथे नमूद करावयास हवे.

भारतात या कार्याची पार्श्वभूमी मुंबईत तयार झाली. आपल्या मुलीला बालपक्षाघात झाल्यावर फातेमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली पंगू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मी. मुक्तशैलीत ३७·३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ते प्रौढ सैनिक होते. परंतु उपचाराचे पाणी आणि शर्यतीचे पाणी एकच असू शकते, हे महाराष्ट्राला त्यांच्यामुळे प्रथम दिसले. पुढच्या पिढीतील सोलापूर जिल्ह्याचे सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हातांचे पुढील भाग गमावले. अपघातापूर्वी वडिलांकडून ते पोहण्यास शिकले होते. २०१८ च्या जाकार्ता आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मी. फुलपाखरू शैलीत सुवर्णपदक जिंकले. विदर्भातील अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत २०० मी. मिश्र शैलीत सुवर्णपदक पटकाविले.

ही सर्व उदाहरणे तलाव, मार्गदर्शक आणि पालकांचे पाठबळ लाभलेल्यांची आहेत. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत प्रश्न निराळा आहे. चामोर्शीहून नागपूर सुमारे २०० किमी. दूर असून आठवड्यातून दोनदा उपचारासाठी मुलाला तेथे नेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होय. पाण्याची मात्र या प्रदेशात उणीव नाही. तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते व महाशिवरात्रीच्या यात्रेत हजारो लोक तेथे स्नान करतात. धानाच्या शेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत आणि धडधाकट मुले तेथेच पोहण्यास शिकतात. गढूळ पाणी, निसरडा उतार व अनिश्चित खोली यांमुळे अपंग मूल बहुधा काठावरच बसून राहते.

येथील आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे आदिवासी व इतर काही समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. या विकारात मांडीच्या हाडाचे डोके झिजून मूल लंगडू लागते, तेव्हा सांध्यावर भार न टाकणारा पाण्यातील व्यायाम त्याला उपयोगी पडू शकतो. उलट थंड पाण्याने किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याने त्याच मुलाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा मुलास हिवाळ्यात तलावात उतरविणे धोक्याचे असते. पाणी कोमट असावे, व्यायामापूर्वी व नंतर त्याला भरपूर पाणी पाजावे आणि बाहेर येताच अंग कोरडे करून ऊबदार कपडे घालावेत. उघडी जखम, ताप किंवा संसर्ग असता कोणत्याही मुलास कुंडात नेत नाहीत. अपस्मार असलेल्या मुलाबाबत वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा लागतो. कुंड सिमेंटच्या साध्या हौदाचे असले तरी चालते. एका मुलामागे पाण्यात एक जाणती व्यक्ती हवी, ही हॅलिविक पद्धतीची अट मात्र तेथेही सोडता येत नाही.