भिंतीचा भाव

वाडा कोणी बांधला हे इतिहास सांगतो. त्याच्या भिंती घोटणाऱ्याने संध्याकाळी घरी काय नेले, हे क्वचितच सांगतो. मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. सूस गावी घर घेतले, आतल्या गिलाव्यासाठी कारागिराशी चौरस फुटाच्या भावावरून घासाघीस केली आणि जिंकलीही. तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, भाव फुटाचा ठरला, खोलीचं भाडं मात्र महिन्याचं असतं."

पूर्वी चुन्याची घाणी बैल फिरवीत. चुना मळावा, मुरवावा, मग थापीने घोटावा, असे ते सावकाशीचे काम. सिमेंट आले तरी गिलाव्यावर कित्येक दिवस पाणी मारावे लागे. तेवढाच एखाद्या बिगाऱ्याला रोज मिळे. जिप्समला तेही नको. गोणीतली भुकटी कालवली की अर्ध्या तासात घट्ट होऊ लागते. हात थांबला की माल वाया. घाईच्या अशा कामाला उक्ता भाव सोयीचा. पण ज्या दिवशी भिंत तयार नसते, त्या दिवसाचा खाडा कारागिराच्याच माथी बसतो.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. परंतु किमान म्हणजे किती, याचे माप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरावी, प्रौढाला २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेचे भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, असेही ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के सांगितले. पुढे २०१९ साली या कायद्याच्या जागी वेतन संहिता संमत झाली.

हे माप हाती घेऊन मी माझ्या भिंतीकडे पाहिले. कारागिराची बायको त्याच कामावर घमेली उचलीत होती. २०२१ साली सूस पुणे महापालिकेत गेले. मुळशीच्या या गावाला शहराचे भाडे लागले. ते भाडे माझ्या भावात कुठेच नव्हते.

हे उमगले तेव्हा हिशेब चुकता होऊन ती दोघे दुसऱ्या इमारतीवर गेली होती. भिंत आरशासारखी आहे. पाहुणे वाहवा करतात, भाव विचारतात. मी विषय बदलतो.