पंप कधी सुरू करायचा?

मी फरीदाबादहून बोलतोय. दिवाळीनंतर इथली हवा बिघडली, की मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: दमा अजून सौम्य आहे, मग स्टेरॉइडचा पंप आत्तापासून रोज कशाला? आज या प्रश्नाचा इतिहास पाहू.

श्वासातून घ्यायचे बेक्लोमेथासोन 1972 मध्ये ब्रिटनमध्ये आले. गोळ्यांपेक्षा अपाय कमी. तरीही बरीच वर्षे ते जुन्या, जड दम्यासाठीच राखून ठेवले जाई. 1991 मध्ये फिनलंडच्या हाहतेला यांनी नुकताच दमा झालेल्या 103 रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध केली. नुसती श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधापेक्षा स्टेरॉइड सरस ठरले.

पण सौम्य दम्यात जीवघेणा झटका क्वचितच येतो. तो टळतो का, हे शंभर माणसांत कळणार कसे? म्हणून ‘स्टार्ट’ चाचणी आखली गेली. 32 देश, 7241 रुग्ण, दमा दोन वर्षांच्या आतला, वय 5 ते 66. अर्ध्यांना रोज ब्युडेसोनाइड, अर्ध्यांना औषध नसलेला तसाच पंप. कोणाकडे कोणता, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. मुदत तीन वर्षे.

लहान मुलांना तीन वर्षे पोकळ पंप देणे योग्य का? तोडगा असा, की दम्याची नेहमीची औषधे दोन्ही गटांना चालू राहिली. त्यामुळे गटांतला फरक पुसट होण्याचा धोका होता, पण उपचारावाचून कोणी राहिले नाही.

निकाल 2003 मध्ये आला. पोकळ पंपाच्या गटात 198 जणांना गंभीर झटका आला, औषधाच्या गटात 117 जणांना. आखणी करणाऱ्यांनी मुलांची उंचीही मोजली होती. अकरा वर्षांखालच्या मुलांची वाढ वर्षाला सरासरी 0.43 सेंटिमीटरने कमी भरली. फायदा आणि किंमत, दोन्ही एकाच तराजूत आले.

2017 मध्ये हेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा क्वचित त्रास होणाऱ्यांनाही फायदा दिसला. 2019 मध्ये ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने प्रौढ व किशोरांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, असे सांगितले.

आमच्या फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये अशा चाचण्यांच्या आखणीचे काम चालते. बाहेरून ते कागदी काम वाटते. पण काय मोजायचे हे त्या कागदावरच ठरते. उंची मोजायची राहून गेली असती, तर आज डॉक्टरांना आईवडिलांपुढे ठेवायला तो आकडाच नसता.