बैठकीची दोन हाडं

शिंदखेड्याहून दोंडाईचा गाठून शहाद्याच्या रस्त्याला लागलं, की तापीकाठचं सारंगखेडा येतं. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. बघ्यांची गर्दी मारवाडी-काठेवाडी घोड्यांभोवती असते. सायकलवाल्याने मात्र थोडा वेळ काढून साज विकणाऱ्यांकडे जावं आणि एखादं चांगलं खोगीर उलटं करून पाहावं. खालच्या अंगाला दोन लांब गाद्या असतात आणि त्यांच्या मधोमध मोकळी पन्हळ. स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना पडावं, कण्याला खोगीर टेकूही नये, म्हणून ती ठेवलेली असते. ती नसेल तर चार मजलांत घोड्याची पाठ सोलवटते.

खोगीर करणाऱ्यांचं हे ज्ञान शेकडो वर्षांचं आहे. सायकलची सीट त्यांच्याच हातून घडली. तरी सीटला अशी पन्हळ सर्रास मिळायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. घोड्याची पाठ बिघडली तर घोडा चालत नाही आणि मालकाचं नुकसान होतं. सायकलवर दुखणारा जीव एकटा स्वाराचा, आणि माणूस आपलं जांघेतलं दुखणं चारचौघांत बोलत नाही.

सुरुवात १८१७ची. जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचं लाकडी यंत्र चालवून दाखवलं. त्याला पेडल नव्हतं, पायाने जमीन मागे रेटत पुढे जायचं. बसायला भरलेली गादी आणि पुढे हात टेकायला फळी होती. पाय जमिनीवर असल्याने सगळा भार बैठकीवर येत नसे, त्यामुळे सीटचा प्रश्न तेव्हा फारसा उभाच राहिला नाही. तो उभा राहिला १८६०च्या दशकात, पॅरिसच्या मिशो यांच्या कारखान्यातून पेडलवाली सायकल निघाली तेव्हा. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि वजन सीटवर आलं. चाकांना लोखंडी धावा, रस्ते दगडांचे. लांब पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर सीट बसवूनही इंग्लंडात लोकांनी या गाडीला हाडं खिळखिळी करणारी असंच नाव दिलं.

मग आले जॉन बोल्टबी ब्रूक्स. १८६६मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमला घोड्यांचा साज आणि चामड्याच्या वस्तू करण्याचा धंदा सुरू केला. कंपनी आजही सांगते ती गोष्ट अशी: १८७८मध्ये त्यांचा घोडा मेला, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ते उसनी सायकल घेऊन कामावर जाऊ लागले, आणि तिची बैठक इतकी छळू लागली की नवी सीट स्वतःच करायची त्यांनी ठरवलं. २८ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी सीटच्या पेटंटसाठी अर्ज केला. घोड्याची गोष्ट कंपनीने थोडी घोटून गुळगुळीत केलेली असेलही, पण कारागिरी साजवाल्याचीच आहे, हे सीट हातात घेतल्यावर कळतं.

ती घडते कशी, ते पाहण्यासारखं आहे. झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेलं जाड गाईचं कातडं घ्यायचं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, तीच जात. ते पाण्यात भिजवून साच्यावर दाबायचं, वाळवायचं, कडा तासायच्या आणि पोलादी सांगाड्याला पुढे नाकाशी व मागे रुंद भागाशी रिवेटने ठोकायचं. मधे खाली काहीच आधार नाही, कातडं अधांतरी ताणलेलं. नाकाखाली एक नट असतो. कातडं सैल पडलं की तो पान्याने थोडा आवळायचा. नवी सीट पाटासारखी कडक लागते. काही शे किलोमीटर गेल्यावर बरोबर दोन ठिकाणी दोन खळगे पडतात. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते आणि मग त्या पायाचीच होते, तसंच इथे.

ते दोन खळगे या साऱ्या कथेचं मर्म आहेत. पाठ ताठ ठेवून कठीण फरशीवर बसलात की खाली जी दोन हाडं टोचतात, तीच बैठकीची हाडं. शरीराचा भार घ्यायला ती समर्थ आहेत. त्यांच्या मधल्या मऊ भागातून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. तो भाग भार सोसण्यासाठी नाही. ताणलेलं कातडं हाडांखाली दबतं आणि त्यांना धरून ठेवतं. ब्रूक्सची बी-सतरा ही सीट १८९०च्या दशकापासून आजतागायत निघते आहे. २००२पासून कंपनी इटलीच्या सेले रोयालकडे आहे, तरी लांब पल्ल्याचे सायकलस्वार अजून ती मागतात.

दरम्यान १८८५ला जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर आली आणि सारख्या चाकांची, चेनची सायकल रूढ झाली. १८८८ला डनलॉप यांनी हवेचा टायर दिला आणि रस्त्याचे धक्के निम्मे तिथेच जिरले. बायका मोठ्या संख्येने सायकली चालवू लागल्या, तशी डॉक्टर मंडळी सीटवर लिहू लागली. आखूड नाकाच्या, मधून दुभंगलेल्या, नुसत्या दोन गाद्यांच्या सीटचे नमुने १८९०च्या दशकात बाजारात होते. म्हणजे उत्तर तेव्हाच सापडलं होतं. सायकलचं वेड ओसरलं आणि हे सगळे नमुने मागे पडले.

आपल्याकडे आली ती काळी उंच सायकल. आधी विलायतेहून, मग १९४९ला मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५२ला आसनसोलला सेन-रॅले, १९५६ला लुधियान्याला हिरो असे कारखाने निघाले. रुंद सीट, वर चामडं, मागे दोन जाड स्प्रिंगा. खानदेशात दुधाच्या किटल्या, चाऱ्याचा भारा, पुढच्या दांडीवर पोरगं, सगळं याच सायकलवर फिरलं. तिचं हँडल उंच, त्यामुळे पाठ ताठ राहते आणि जवळजवळ सगळं वजन बैठकीवर येतं. म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची. तिच्या कामासाठी ती अगदी योग्य होती. पुढे चामडं गेलं, पत्र्यावर फोम आणि वरून रेक्झिन आलं. उन्हात तापणारं, घाम न पिणारं रेक्झिन हे आपल्या हवेशी केलेलं वैर आहे, असं मला मनापासून वाटतं.

खरी गफलत झाली ती वाकड्या हँडलची रेसर सायकल गावोगाव पोचल्यावर. पुढे वाकलं की कंबरेचं हाड पुढे कलतं, वजन हातापायांत वाटलं जातं आणि मांड्या वेगाने चालू लागतात. इथे रुंद सीट मांडीला घासते. म्हणून रेसरची सीट अरुंद. इटलीत चिनेली यांनी १९६०च्या दशकात प्लास्टिकच्या तळाची सीट आणली. ती हलकी होती, पावसाने बिघडत नव्हती, आणि मग साऱ्या जगाने तोच मार्ग धरला. पण प्लास्टिक स्वाराच्या हाडांप्रमाणे बदलत नाही. दुखलं की लोक वर गादी चढवू लागले, जेलची कव्हरं घालू लागले. मऊ गादीत हाडं खोल रुततात आणि गादी मधून वर येऊन नेमका तो नाजूक भाग दाबते. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलं की अशी सीट फार सुखाची वाटते. तिचा त्रास दोन तासांनी सुरू होतो: आधी मुंग्या, मग बधिरपणा.

या बधिरपणाबद्दल उघड बोललं गेलं ते १९९७मध्ये. बोस्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ डॉ. अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटच्या दाबाने पुरुषांच्या जननेंद्रियाचा रक्तपुरवठा अडतो, असा इशारा दिला आणि सायकलच्या धंद्यात खळबळ उडाली. वाद पुष्कळ झाले. पण कंपन्यांना शरीरशास्त्र वाचावं लागलं. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी बायकांसाठी मधे भोक असलेली सीट आधीच काढली होती. आता डॉ. रॉजर मिंको यांच्यासारख्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांच्याच सीटमध्ये खाच आली. खोगिराची पन्हळ अशी फिरून सीटवर आली. त्याहून मोठा बदल म्हणजे एकच सीट दोन-तीन रुंदींत मिळू लागली. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, पण पुरुषांपुरुषांतही ते बरंच वेगळं असतं. सडपातळ माणसाच्या हाडांमधलं अंतरही जास्त असू शकतं.

हे सगळं शिंदखेड्यात बसून का लिहायचं? कारण आपल्याकडची पोरं आता खरोखर लांब जातात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये ती एकट्याने पुरी केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यानंतर नाशिक-पुण्याच्या ब्रेव्हेंना, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांना, गर्दी वाढली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६००ला चाळीस. चाळीस तासांच्या त्या प्रवासात पाय थकले तर विसावा घेता येतो. बैठक सोलली तर पुढचं प्रत्येक पेडल शिक्षा होतं, आणि कितीतरी चांगले स्वार थकव्याने नव्हे, याच कारणाने घरी परततात.

तेव्हा महागडी सीट मागवण्याआधी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्यावा, पायरीवर ठेवावा आणि पातळ कपड्यांत त्यावर बसावं. हँडल धरल्यासारखं पुढे वाकून टाचा थोड्या उचलाव्या. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये माप घ्यायचं आणि त्यात साधारण वीस ते तीस मिळवायचे, की सीटची रुंदी निघते; जास्त वाकून चालवणाऱ्याला कमी पुरतात. सीट आधी अगदी समतल लावावी. उंची जास्त झाली तर कंबर डावी-उजवी हेलकावते आणि कातडी घासते, तो दोष सीटचा समजू नये. गादी शिवलेल्या सायकलच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी नको, तिची शिवणच कापते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून रक्त फिरू द्यावं. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात घामाचं मीठ साचतं, तेव्हा तर नक्कीच. चामड्याची सीट असेल तर पावसात झाकावी आणि भिजलेली उन्हात वाळवू नये.

रुंदी कळली की दुकानात अंगठ्याने गादी दाबत बसायचं कारण नाही. सीट उलटी करायची. बऱ्याच सीटवर १४३, १५५ असा आकडा खालच्या बाजूला छापलेला असतो.