निरीश्वर निसर्गवाद आणि ख्रिस्ती श्रद्धा

विश्वात जे काही आहे ते सारे निसर्गच आहे, त्यापलीकडे निर्माता नाही, अमर आत्मा नाही आणि मरणोत्तर जीवनही नाही, अशी भूमिका घेणाऱ्या विचारसरणीस निरीश्वर निसर्गवाद म्हणतात. आपल्याकडील ‘नास्तिक’ हा जुना शब्द येथे नेमका बसत नाही. भारतीय परंपरेत वेदांचे प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. त्या अर्थाने जैन व बौद्ध नास्तिक ठरतात, आणि जगाचा निर्माता ईश्वर न मानणारे सांख्य मात्र आस्तिक गणले जातात! निसर्गवादाला जवळचे असे आपल्याकडील दर्शन म्हणजे चार्वाकांचे लोकायत.

विज्ञान एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी आमच्या तरुणांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. विश्व प्रसरण पावत आहे, हा सिद्धान्त १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. महास्फोटाच्या कल्पनेचे मूळ त्यांच्याच १९३१ सालच्या मांडणीत आहे. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५१ मधील भाषणात या सिद्धान्ताचा संबंध देवाच्या निर्मितीकार्याशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. वैज्ञानिक सिद्धान्ताला श्रद्धेचा पुरावा करू नये, असे त्यांचे मत होते. आम्हांलाही तेच योग्य वाटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की, जगाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने कळते. ख्रिस्ती अर्थाने निर्मिती म्हणजे पूर्वी केव्हातरी घडून गेलेली घटना एवढेच नव्हे. प्रकाश जसा दिव्यावर, तसे विश्व प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून आहे. उत्क्रांतिवाद ही आता निव्वळ अटकळ राहिलेली नाही, हे तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली स्पष्टपणे मान्य केले होते.

मग मतभेद नेमका कोठे आहे? त्याचा उत्तम नमुना २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीने प्रसारित केलेल्या चर्चेत सापडतो. एका बाजूला येशूसंघीय फादर फ्रेडरिक कोपल्स्टन, दुसऱ्या बाजूला तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल. देव नाही हे सिद्ध करता येते, असा रसेल यांचा दावा नव्हता. आपली भूमिका अज्ञेयवादी आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले. फादर कोपल्स्टन यांचा युक्तिवाद असा होता की, जगातील प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. म्हणून या साऱ्यांच्या अस्तित्वाचे कारण स्वयंसिद्ध अशा सत्तेतच शोधावे लागते. यावर रसेल यांनी मार्मिक दाखला दिला: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असे ठरत नाही. विश्व आहे, आणि त्याहून अधिक काही विचारण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. दाखला चतुर आहे, परंतु त्याने फादरांचा प्रश्न सुटत नाही. साखळीची आणखी एक कडी ते मागत नव्हते. साखळी मुळात का आहे, एवढेच ते विचारत होते. निसर्गवाद हा प्रश्न निरर्थक मानतो, ख्रिस्ती विचार त्याला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानतो. खरा फाटा येथे फुटतो.

नीतीच्या प्रश्नावर मात्र रसेल अडचणीत आले. निळा व पिवळा रंग जसे आपण पाहून ओळखतो, तसे बरेवाईट भावनेने ओळखतो, असे ते म्हणाले. त्यावर फादर कोपल्स्टन यांनी बेल्सन छळछावणीच्या प्रमुखाचे उदाहरण पुढे केले. त्याच्या भावनेला जर ते कृत्य योग्य वाटत असेल, तर आपण त्याला कोणत्या आधारावर चूक ठरवणार? बहुसंख्यांच्या भावनेचा आधार पुरेसा नाही, कारण बहुसंख्याही चुकतात. देव न मानणारा माणूस नीतिमान नसतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, असे संत पौल रोमकरांस पत्रात सांगतात (२:१४-१५). नीतिमान नास्तिक आपण सर्वांनी पाहिले आहेत. प्रश्न त्यांच्या वर्तनाचा नसून, मनुष्यमात्राचे मोल कशावर उभे आहे, हा आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे ख्रिस्ती उत्तर. ते मोल माणसांनी दिलेले नाही, म्हणून माणसांना ते काढूनही घेता येत नाही.

दुःखाचा प्रश्न हा या चर्चेचा विषय नव्हता, आणि निसर्गवादाचे सर्वांत बळकट स्थान तेच आहे. निरपराध बालक असाध्य रोगाने तळमळत असता प्रेमळ व सर्वसमर्थ देव कोठे असतो? निसर्गाला दयामाया नसते, असे निसर्गवादी म्हणतो, आणि त्याच्या विचारात हे दुःख कोडे ठरत नाही. आमच्या विचारात ते ठरते. ईयोबाच्या पुस्तकातही त्याचा उलगडा होत नाही, उलट सोपी स्पष्टीकरणे देणाऱ्या मित्रांनाच देव दोष देतो. ख्रिस्ती श्रद्धा येथे सिद्धान्त मांडत नाही. ती क्रूसावरील प्रभू येशूकडे बोट दाखवते. शोकाकुल कुटुंबाला “देवाची इच्छा” एवढे ऐकवून निघून येणाऱ्यांनी तरी, आम्हां धर्मगुरूंसह, हे ध्यानात ठेवावे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (परिच्छेद १९) नास्तिकतेच्या वाढीस श्रद्धावंतही काही अंशी जबाबदार असतात, असे नमूद केले आणि सदोष धर्मशिक्षण व धर्माशी विसंगत आचरण ही त्याची कारणे म्हणून नोंदवली.