आरशाचा अंतरपाट

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमची पुतणी मीनल मुंबईहून घरी आली, ती गळ्यात एक जाडजूड चामडी पेटी अडकवूनच. पेटीतून कॅमेरा निघाला. तोही आजकालचा नव्हे. आत फिल्मचा रोल घालायचा, दर फोटोनंतर दांडा ओढून फिल्म पुढे सरकवायची, असा. वयाने जवळजवळ तिच्या वडिलांच्या बरोबरीचा. "पहिल्या पगारात पोरी आईला साडी आणतात, हिने हे लोढणे आणले," वहिनी म्हणाल्या. दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो हातात घेऊन वजन तेवढे पाहिले आणि हळूच खाली ठेवला.

आठ वर्षांच्या बंड्याने मात्र तो लगेच डोळ्याला लावला, अंगणातल्या आकाशकंदिलावर रोखला आणि कळ दाबली.

"मीनलताई, तुला फसवलं! हा बिघडलाय. कळ दाबली की काळोख होतो!"

सगळे हसले. परंतु मला वाटले, या पोराने नकळत त्या यंत्राच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. भिंगाला जे दिसते तेच डोळ्यालाही दिसावे, म्हणून माणसाने पावणेतीनशे वर्षे खटपट केली. आणि शेवटी जे यंत्र हाती आले ते ऐन क्षणी डोळ्यापुढे काळोख करते! बंड्याला त्या रात्री मी जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने वाचकांना सांगतो.

जुन्या काळचा कॅमेरा म्हणजे पुढे भिंग आणि मागे दुधी काच बसवलेली पेटी. डोक्यावर काळे कापड घेऊन फोटोग्राफर त्या काचेवर पाही, तेव्हा त्याला समोरचे सारे उलटे दिसे. माणसांचे पाय वर, डोकी खाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या वेळी फोटो काढणे ते असे. चित्र जुळले, की दुधी काचेच्या जागी रसायन लावलेली काच सरकवायची. तोवर समोरची मंडळी निश्चल बसली असली तर ठीक. नाही तर जे पाहिले ते एक आणि जे उमटले ते दुसरेच.

पुढे हातात मावणारे कॅमेरे आले आणि त्यांना भिंगाच्या वर किंवा बाजूला पाहण्यासाठी वेगळी खिडकी आली. सोय झाली, पण डोळा एका जागेवरून पाहतो आणि भिंग दुसऱ्या, अशी फारकतही झाली. लांबच्या डोंगराला या फरकाने काही होत नाही. जवळून फोटो घेतला, की मात्र एखाद्या मामांचा फेटा वरून कापला जाई आणि त्या बदल्यात पायाखालची सतरंजी मात्र भरपूर येई.

या फारकतीवरचा उपाय फार पूर्वी सुचलेला होता, ही यातली खरी मौज. योहान झान या जर्मन धर्मगुरूने १६८५ साली एका पेटीचे वर्णन केले: भिंगामागे तिरपा आरसा, आरशावरून प्रतिमा वर फेकलेली आणि माथ्यावर ती झेलणारी काच. ती टिकवून ठेवणारे रसायनच तेव्हा नव्हते. काचेवर कागद ठेवून चित्र गिरवावे, एवढाच उपयोग. रसायन आले आणि १८६१ साली टॉमस सटन या इंग्रज गृहस्थाने आरशाच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानासाठी रंगीत छायाचित्राचा पहिला प्रयोग त्याच वर्षी सिद्ध झाला, त्याची छायाचित्रे घेणारा हाच सटन. काळाच्या पुढे पाहणारा माणूस. पण त्याच्या कॅमेऱ्याचे दिवस यायला अजून अवकाश होता.

ते दिवस आले सिनेमाच्या फिल्ममुळे. ३५ मिलिमीटर रुंदीची ती फिल्म वापरणारा लायका हा छोटा कॅमेरा १९२५ साली जर्मनीत विक्रीला आला आणि पेटी खिशात आली. त्याला खिडकी होती, आरसा नव्हता. आरसा आणि ही छोटी फिल्म यांचे लग्न लावले ते ड्रेस्डेन शहरातल्या ईहागे या कारखान्याने. योहान स्टेनबर्गेन या डच माणसाने १९१२ साली तो काढला होता. तिथल्या कार्ल न्यूश्टरलाइन या अभियंत्याने रचलेला किने एक्झाक्टा १९३६ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांनी पाहिला. लेनिनग्राडचा स्पोर्ट नावाचा कॅमेराही त्याच सुमाराचा. पहिला कोण, हा वाद जाणकार अजून घालतात. आपण त्यात पडू नये. एक्झाक्टा जगभर गेला एवढे खरे. हिचकॉकच्या १९५४ सालच्या 'रिअर विंडो' या बोलपटात पाय मोडून घरी बसलेला फोटोग्राफर लांबलचक भिंग लावून शेजाऱ्यांच्या खिडक्या न्याहाळतो, तो कॅमेरा एक्झाक्टाच.

परंतु अडचणी दोन उरल्या होत्या. कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली पाहावे लागे, आणि आरशातली प्रतिमा उभी असली तरी डावे उजवे उलट. खेळाडू उजवीकडे धावला, की काचेत तो डावीकडे धावताना दिसे. आरशात पाहून कात्रीने स्वतःचे केस कापण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला या त्रासाची कल्पना येईल. दुसरी अडचण बंड्याची. फोटो घेताना आरसा वर उचलला जाई तो वरच राही. पुन्हा चावी देईपर्यंत सारा अंधार.

पहिल्या अडचणीवर औषध काचेचे होते. दुधी काचेवर पाच बाजूंचा, माथ्याला छपरासारखी उतरती धार असलेला लोलक बसवला, की प्रकाश आतल्या आत वळसे घेऊन सरळ डोळ्याशी येतो आणि डावे उजवेही जागेवर येते. पण ते औषध बाजारात येण्याआधी महायुद्ध आले. न्यूश्टरलाइन युद्धातून परत आला नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत, १३ तारखेच्या रात्रीपासून विमानांनी ड्रेस्डेनवर आग ओतली आणि ते सुंदर शहर राखेचे झाले. जगाला नीट पाहायला शिकवणारे कारखाने ज्या गावात होते, त्या गावाकडे पाहवेना, अशी गत झाली.

त्याच ड्रेस्डेनमध्ये, त्याच ढिगाऱ्यांच्या शेजारी, झाइस इकॉनच्या कामगारांनी लोलकाचा कॉन्टॅक्स एस तयार केला आणि १९४९ साली तो लोकांपुढे आला. इटलीतला रेक्टाफ्लेक्सही याच सुमाराचा. पुढे जर्मनीचे दोन तुकडे झाले, झाइसचेही झाले, आणि भाऊबंदकीत घराच्या नावावर तंटा होतो तसा 'कॉन्टॅक्स' या नावावर झाला. पूर्वेकडच्यांना आपला कॅमेरा परदेशी 'पेंटाकॉन' या नावाने धाडावा लागला. लोलकाचे 'पेंटा' आणि कॉन्टॅक्सचे शेपूट जोडून केलेले आणखी एक नाव ड्रेस्डेनकरांनी नोंदवून ठेवले होते. ते होते 'पेंटॅक्स'. हे नाव शेवटी गेले जपानला!

टोकियोच्या आसाही कंपनीने १९५२ साली जपानमधला पहिला ३५ मिलिमीटरचा आरशाचा कॅमेरा काढला होता. १९५४ साली तिने आरशाला अशी युक्ती बसवली, की फोटो होताच तो आपोआप खाली यावा. बुडापेस्टच्या ड्यूफ्लेक्समध्ये ही कल्पना आधी आली होती, पण तो कॅमेरा थोडाच निघाला. घरोघर ती पोचवली जपान्यांनी. १९५७ साली लोलक, परतणारा आरसा आणि उजव्या हाताचा दांडा एकत्र करून आसाही पेंटॅक्स आला. १९५९ साली निकॉन एफ आला आणि वार्ताहरांच्या गळ्यात जाऊन बसला. १९६४ साली भिंगातून आलेलाच प्रकाश मोजणारा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आला. मीनलच्या पेटीतून निघाला तो हा.

म्हणजे काळोख गेला नाही. पापणी लवण्याइतका आखूड झाला. तो पुरता घालवण्याचाही प्रयत्न झाला. १९६५ साली कॅननने पेलिक्स हा कॅमेरा काढला. त्यातला आरसा हलतच नसे, कारण तो अर्धपारदर्शक होता. काळोख संपला, पण आलेल्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा डोळ्याने खाल्ला आणि तेवढी फिल्म उपाशी राहिली. "उजेड एकच आहे, बंड्या," मी म्हणालो. "तो एक तर तुझ्या डोळ्याला मिळेल, नाही तर फिल्मला. तिला द्यायचा असेल, तर तू क्षणभर उपाशी राहायचे." बंड्याला उपाशी राहण्याचा मुद्दा फारसा पटला नाही.

मीनलसारखे कोणी जुना कॅमेरा घ्यायला निघाले, तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मागचे झाकण उघडून आतला कापडी पडदा पाहावा. सुरकुती किंवा भोक असेल तर पुढे जाऊ नये. चकती एका सेकंदावर ठेवून कळ दाबावी आणि कान द्यावा. पडदा मध्येच अडखळला, तर तेलपाण्याचा खर्च धरून चालावे. भिंग दिव्यासमोर धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते. म्हणून घरी आणलेला कॅमेरा चामडी पेटीत घालून कपाटात कोंडू नये, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. झाकणाच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकट झालेला असतो; तो बदलावा, नाही तर फटीतून उजेड शिरतो. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. ती आता बनत नाही. पण स्पॉटमॅटिकसारख्या कॅमेऱ्याचा पडदा बॅटरीवाचून चालतो. भर उन्हात, १०० क्रमांकाची फिल्म असेल, तर छिद्र १६ वर आणि वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग, एवढे पाठ असले तरी भागते.

भिंगाचे आटेही पाहून ठेवावेत. ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एसला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते. तेच पुढे पेंटॅक्सने घेतले, तेच मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या झेनिटने. राजकारण्यांनी जगाच्या मध्ये भिंती उभ्या केल्या, त्या काळात पूर्व जर्मनीचे भिंग जपानी कॅमेऱ्यावर आणि जपानी भिंग रशियन कॅमेऱ्यावर बिनतक्रार बसत होते. झेनिटबरोबर येणारे हेलिओस भिंग तर झाइसच्या बायोटारचेच वंशज.

हे सारे मीनलला ठाऊक होते. चुकली ती साध्या गोष्टीत. दिवाळीचे चार दिवस तिने छत्तीस फोटो काढले: अभ्यंगस्नानाला कुडकुडणारा बंड्या, ओवाळताना आत्या, फराळाची ताटे. मुंबईला जाऊन रोल धुवायला दिला, तर हाती आरपार कोरी पट्टी आली. फिल्मचे टोक आतल्या रिळात अडकलेच नव्हते. दांडा ओढताना डाव्या बाजूची गुंडाळायची खुंटी फिरते की नाही, हे पाहायचे राहिले होते. फोनवर ती रडली. दादा तिला म्हणाले, "तुळशीच्या लग्नाला ये. नवा रोल आण. खुंटी मी बघतो."

ती आली. दिवेलागणीच्या थोडे आधी अंगणात लग्न लागले. आईच्या हट्टामुळे खरा अंतरपाट होता. एक टोक दादांच्या हाती, एक बंड्याच्या. शेवटचे 'सावधान' झाले, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या आणि मीनलने कळ दाबली. "नेमके तेव्हाच काही दिसले नाही, काका," ती हिरमुसून म्हणाली.

आरशाचे कॅमेरेही आता मागे पडत चालले. निकॉनने एफ ६ हा आपला शेवटचा मोठा फिल्मचा कॅमेरा २०२० साली बंद केला, आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यांतून तर आरसाच नाहीसा होत आहे. त्यांत डोळा काळोखात राहत नाही. ते चांगलेच आहे. पण तो फोटो पंधरा दिवसांनी आला, तेव्हा मला आरशाबद्दल वाईट वाटले. अक्षता हवेत थांबलेल्या आहेत. अंतरपाटाचे टोक सुटलेले आहे. आणि त्यामागे आमचे दादा, ज्यांना कुठल्याही फोटोत हसताना कोणी पाहिलेले नाही, बंड्याकडे पाहून तोंडभर हसत आहेत.

मीनलच्या डोळ्याने ते पाहिले नव्हते. तिचा डोळा तेवढा क्षण बाजूला झाला होता, म्हणून ते फिल्मला दिसले. वहिनींनी तो फोटो चौकटीत घालून देवघराशेजारी लावला आहे. लोढणे हा शब्द त्यांनी पुन्हा काढलेला नाही, उलट परवा मला विचारत होत्या, "यंदा तिचा रोल कोण बघणार?" दादांनी आतूनच उत्तर दिले, "मी आहे की!"