गेमिंगा : ‘तिथे नाहीच’ या नावाची कुळकथा

गॅमा किरणांच्या उगमस्थानांना सहसा आकड्यांची रुक्ष नावे मिळतात. मिथुन राशीतील एका उगमाच्या नावाचे कूळ मात्र मिलान शहराच्या बोलीत सापडते. नोव्हेंबर १९७२मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील मंचावरून सोडलेल्या सॅस-२ या अमेरिकी उपग्रहाला तेथे गॅमा किरणांचा ठळक ठिपका दिसला, पण त्या जागी रेडिओलहरींत काहीच आढळेना. तेव्हा जोव्हान्नी बिन्यामी या इटालियन शास्त्रज्ञाने ‘जेमिनी’ म्हणजे मिथुन आणि ‘गॅमा’ यांची सांगड घालून ‘गेमिंगा’ हे नाव रूढ केले. मिलानी बोलीत त्याच ध्वनीच्या शब्दांचा अर्थ ‘तिथे नाहीच’ असा होतो. शास्त्रीय नामकरणात इतका खट्याळ प्रांजळपणा विरळाच.

१९९२मध्ये रोसॅट उपग्रहाला तेथील क्ष-किरणांत दर ०.२३७ सेकंदाला चढउतार आढळला आणि गेमिंगा हा स्पंदक, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा स्वतःभोवती गरगरणारा अतिघन गाभा, असल्याचे ठरले.

नावाला खरा अर्थ आला तो पुढे. मेक्सिकोतील सिएरा नेग्रा ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे ४,१०० मीटर उंचीवर हॉक वेधशाळेच्या पाण्याच्या ३०० टाक्या आहेत. गॅमा किरण वातावरणावर आदळून निर्माण झालेले कण या पाण्यातून जाताना जो निळसर प्रकाश चमकतो, तो टाक्यांच्या तळाशी बसवलेले संवेदक टिपतात. या वेधशाळेने २०१७मध्ये गेमिंगाभोवती पूर्णचंद्राच्या कितीतरी पट रुंद, फिकट प्रभामंडल दाखवले. स्पंदकापासून निसटलेले इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाच्या मंद फोटॉनांना धडकून त्यांना गॅमा किरणांइतकी ऊर्जा देतात, त्यातून ते उमटते.

आकाशगंगेच्या पट्ट्यात कोणत्याही एका ठिपक्याशी न जुळणारी गॅमा किरणांची विसरित प्रभा १९६० च्या दशकापासून ठाऊक होती आणि ती मुख्यतः वैश्विक किरण ताऱ्यांमधल्या वायूवर आदळल्याने निर्माण होते, असे मानले जाई. मात्र हॉकची पूर्वसूरी असलेल्या मिलाग्रोने अतिउच्च ऊर्जेला मोजलेली प्रभा या हिशेबापेक्षा अधिक भरली. अशी प्रभामंडले ओळखता न आलेल्या असंख्य स्पंदकांभोवतीही असतील, तर ती एकमेकांत मिसळून हा अधिकचा उजेड देत असावीत, असे प्रतिपादन २०१८मध्ये करण्यात आले. ज्यांच्या रेडिओलहरींचा झोत पृथ्वीकडे वळतच नाही, असे कित्येक स्पंदक त्या धूसर पट्ट्यात गेमिंगासारखेच ‘नाहीत’ म्हणून मोजले गेलेले असू शकतात.