गोठणगावची तिबेटी वसाहत आणि बाजाराची बोली

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 साली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. जिल्हा तेव्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला तो 1999मध्ये. परक्या मुलखात बोलणं कसं जमवावं, हे प्रवासाच्या पुस्तकांपेक्षा अशा वसाहतीकडून जास्त शिकता येतं. थंड पठारावरची माणसं इथे धानाच्या बांध्यांत उतरली, आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाणं हा तर देशभरच्या तिबेट्यांचा धंदाच झाला. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची तर आकडे, रंग, मापं आणि ‘परवडत नाही’ एवढं आधी यावं लागतं, व्याकरण मागाहून. ही पोटाची सोय झाली, संवाद नव्हे, असं कुणी म्हणेल. पण पोटाशी संबंध नसलेली परभाषा टिकते कितीशी? पाठ केलेली वाक्यं पहिल्या उलट प्रश्नालाच संपतात.

वसाहत पाहायला जाणाऱ्याचं काम हिंदीवर भागतं. गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, जाताना जोडे बाहेर काढावेत, प्रदक्षिणा आपल्या देवळासारखीच घालावी, फोटोआधी विचारावं. परदेशी पाहुण्याला मात्र मुक्कामासाठी केंद्र सरकारचा परवाना आधीच काढावा लागतो. तिथे गोड बोलणं चालत नाही.